नदीला सांगितलेल्या स्वप्नांचं पुस्तक

सन एकोणीसशे चव्वेचाळीस. माझं वय तेव्हा सत्तावीस. त्यानंतर खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातलं निम्मं विसरलो. ही केस मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही. ते रंगीबेरंगी पुस्तक आज समोर ठेवा, कुठल्या रंगाच्या पानावर काय होतं ते मी न उघडता सांगेन.

मी मराठी चौथी पास. लपवण्यासारखं त्यात काही नाही. शिपाई म्हणून लागलो आणि फौजदार म्हणून निवृत्त झालो. मधल्या पायऱ्या माझ्या पायांनी चढलो, कुणाच्या खांद्यावर बसून नाही. भाषा चुकली तर चुकली, माहिती चुकणार नाही. नावं कुणाची घेणार नाही.

आष्ट्याच्या बाजूला कृष्णाकाठी आमचं ठाणं होतं. मी तिथे जमादार. नदीच्या अलीकडे इंग्रजांचा सातारा जिल्हा, पलीकडे सांगली संस्थान. आमचा कायदा पाण्याच्या मध्यापर्यंत चालायचा, आणि ही गोष्ट पोलिसांपेक्षा चोरांना जास्त पाठ होती. थंडीत सकाळी नदीवर असं धुकं बसायचं की पलीकडचा काठ आहे की नाही अशी शंका यावी. नाव निघाली की चार हातांवर दिसेनाशी व्हायची. वल्ह्याचा आवाज तेवढा येत राहायचा. मग तोही जायचा.

पौषात एक दिवस पेन्शनर सुभेदार ठाण्यात आले. आमच्या भागातली भरती त्यांच्या शब्दावर चाले. त्यांनी कोटाच्या खिशातून एक लहानसं पुस्तक काढून टेबलावर आपटलं.

"वाचा जमादार. गावोगाव बाया हे वाचून घेतायत. पोरगं लढाईत मेल्याची स्वप्नं. अशानं उद्या भरतीला कोण उभं राहणार?"

पुस्तक हातात घेतलं. लेखकाचं नाव नाही. छापखान्याचं नाव नाही, गाव नाही. पानं पिवळी, गुलाबी, हिरवी, कशीही लागलेली. ते दिवस चळवळीचे. बिननावाचा छापील कागद सापडला की साताऱ्यापर्यंत तार जायची. पानांचे रंग म्हणजे भूमिगतांच्या खुणा असणार, असं आमच्या फौजदारसाहेबांनी लगेच ठरवलं. साहेब पुण्याकडचे. हुशार माणूस, पण या मातीत नवीन.

"कुठे मिळालं सुभेदार?" मी विचारलं.

"मिळालं. सापडलं," ते म्हणाले आणि छडी घेऊन उठले.

मी स्टेशन डायरीत नोंद केली. डायरीत लिहिली नाही अशी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. पुस्तकाच्या कडांवर हळदीच्या बोटांचे डाग होते.

चार दिवस बाजार फिरलो. आष्टा, तासगाव, मग पार कोरेगाव. दुकानदार म्हणाले, असं पुस्तक आमच्या फळीवर नाही. बायांना विचारलं, तर कुणालाच काही आठवेना. पोलिसाच्या नोकरीत मी एक शिकलो होतो. ज्याला माणसं भितात त्याची चुगली लवकर मिळते. ज्याच्यावर माणसांचा जीव असतो त्याच्याबद्दल सगळं गाव एकदम विसराळू होतं.

शेवटी पुस्तकालाच विचारायचं ठरवलं. नाकाला लावलं तर डांबराचा वास. शिलाई पाहिली तर ती पुस्तकं बांधणाऱ्याची नव्हे. जाळ्याचा दोरा, आणि गाठ अशी की ओली झाली तर आणखी घट्ट बसेल. ती गाठ मी रोज पाहत होतो. आमच्या घाटावरची नाव त्याच गाठीनं खुंटाला बांधलेली असायची.

नावाडी साठीचा. वाळकं अंग, डोळे नेहमी लांब कुठेतरी लागलेले. नावेतली फळी उचलली तर खाली मेणकापडात बांधलेले गठ्ठे. पंचनामा केला. पावणेतीनशे प्रती मुद्देमाल म्हणून ठाण्यात आणल्या आणि म्हाताऱ्याला पुढ्यात बसवलं.

"पुस्तक कुणाचं?"

"बायांचं."

"लिहिलं कुणी?"

"उतरून मी घेतलं."

"मजकूर कुठनं आणलास?"

"नदीतनं."

फौजदारसाहेब म्हणाले, "मग नदीला हजर करू का ठाण्यात?"

"ती येती की दर आखाडात," म्हातारा म्हणाला. "पायरीपतुर येऊन जाती. तुमी नवीन हायसा."

शिपाई हसायला लागले. मी डोळे वटारले.

"छापलं कुणी?"

"त्ये न्हाई सांगणार."

"सांगावं लागेल."

"मारणार आसाल तर मारा. पर लवकर आटपा. पल्याडची मानसं घाटावर थांबल्यात."

मी माणसं मारून बोलती केली नाहीत असं म्हणणार नाही. केली. पण इथे हात उचलून उपयोग नव्हता. हट्टी माणूस हट्टी माणसाला लगेच ओळखतो. साहेब बाहेर गेल्यावर मी पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला आणि नुसता बसून राहिलो. बऱ्याच वेळानं तो आपणहून बोलू लागला.

आमच्याकडे वाईट स्वप्न पडलं तर ते माणसाला सांगत नाहीत. वाहत्या पाण्याला सांगायचं, म्हणजे ते वाहून जातं. लढाई सुरू झाल्यापासून पहाटेच्या नावेला बायांची गर्दी व्हायला लागली. प्रत्येक घरातला एक तरी पोरगा पलटणीत. नाव मध्यावर आली, धार जोरात लागली, की एखादी म्हणायची, "दादा, जरा थांबव." तो वल्हं वर घ्यायचा आणि तोंड फिरवायचा. बाई पाण्यावर वाकून पुटपुटायची.

"तोंड फिरवाया येतं," तो म्हणाला. "कान कसं फिरवू?"

"म्हणून चोरून लिहिलंस?"

"चोरून न्हाई. आवं, परतेकीला वाटतं, आपल्या एकटीलाच असलं पडतंय. आपलंच काय तरी चुकलंय. दुसरीला सांगत न्हाईत. मी चाळीस जनींचं ऐकलं, सगळ्यांचं सारकंच. मला वाटलं, ह्यास्नी हे कळाया पायजे. छापायच्या आदी एकेकीला नावंत बसवून वाचून दावलं. दोगी नगं म्हनल्या, त्यांची काडली."

"मग विकायला दुकानात का ठेवलं नाहीस?"

"तीन दुकानं फिरलो. ल्हिणाराचं नाव न्हाई त्ये फळीवर कुटं लावू, म्हनले. मग म्या माजंच दुकान केलं. फळी हाय की नावंला. बाजारात उभा ऱ्हायचो, एक सपान वाचायचो. जिला पायजे ती घ्यायची. जिला न्हाई ती बी ऐकून जायची."

त्याचा सगळा जीव त्या गठ्ठ्यांत होता हे मला दिसत होतं. साहेबांचा हुकूम मात्र साफ होता. मी पुस्तक वाचायचं, आक्षेपार्ह पानांची यादी द्यायची, मग प्रती जाळायची परवानगी मागवायची आणि म्हाताऱ्याची रवानगी साताऱ्याच्या तुरुंगात. हे मी त्याला सांगितलं. तो गठ्ठ्यांकडे पाहत म्हणाला, "परत छापाया कागूद न्हाई जमादार. आन माजं तेवडं वय बी न्हाई."

आधी छापखाना शोधायचा होता. एका गुलाबी पानाच्या कडेला उलट्या बाजूनं अर्धवट अक्षरं उमटली होती, 'आज रात्रौ ठीक'. नाटकाची जाहिरात. आणि या भागात नाटकाच्या जाहिराती सांगलीतच छापणार. साधा वेष केला, ते पान फेट्यात खोवलं आणि नदी ओलांडली. माझा कायदा मध्यावर उतरला, मी एकटा पुढे गेलो.

थिएटरमागच्या गल्लीत तिसरा छापखाना. एक जैन गृहस्थ पायानं यंत्र चालवत होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. कोपऱ्यात रंगीत कागदाच्या कातरणी रचलेल्या. नाटकाचा गुलाबी, हळदीच्या पेढीच्या चिठ्ठ्यांचा पिवळा, लग्नपत्रिकेचा हिरवा. लढाईमुळे कागदावर नियंत्रण होतं. दुसऱ्यांच्या कामातून उरलेल्या तुकड्यांवर अख्खं पुस्तक झालं होतं. भूमिगतांच्या खुणा त्या एवढ्याच.

मी पान काढून पुढे धरलं.

"वारंट हाय?" अण्णांनी यंत्र न थांबवता विचारलं.

"नाही."

"मग बसा की. च्या घेणार?"

चहा आला. मी विचारलं, "अण्णा, छापखान्याचं नाव का घातलं नाही? कायदा माहीत नाही?"

"कायदा म्हाईत हाय. मी त्याला म्हनलं, तुझं नाव घाल. तर म्हनतो, बायांनी नावं घातली न्हाईत आन मी कशाला मिरवू? त्यो आसं म्हनल्यावर मी माझं नाव कुटल्या तोंडानं घालू? त्यानं घाम गाळला, मी नुसतं पाय हलवलं."

"त्या लाजेपायी तुरुंग आहे अण्णा."

"आसंल. पर लाज कायद्याच्या आदी येती की, साहेब."

जाताना ते म्हणाले, "त्याला सोडणार आसला तर नाव-गाव लिवून देतो. न्हाईतर तुमी मला बघितलंच न्हाई."

परत आलो आणि वाचायला बसलो. मला मनात वाचता येत नाही. आजही येत नाही. ओठ हलवून, अक्षराला अक्षर लावून वाचतो. दोन दुपारी ठाण्यामागच्या निंबाखाली बसून मी ते पुस्तक वाचलं, आणि माझ्याच तोंडून त्या बायांची स्वप्नं माझ्या कानांवर येत होती.

एका आईला पोराचं पत्र येतं. उघडते तर अक्षरं म्हणजे मुंग्या, आणि त्या कागदावरून उतरून चालू लागतात. ती पदरात मुंग्या गोळा करत बसते, एक जरी गेली तरी निरोप अपुरा राहील म्हणून. एकीच्या नवऱ्याची बोट उभ्या उसातून चाललेली असते. पाणी नाही, ऊसच लाटांसारखा हलतोय. आणि ती बांधावरून ओरडते, "आवं, जपून, लावणीचा ऊस हाय." वाचता वाचता मी मान वर केली की ठाणं, झेंडा, शिपायांची वाळत घातलेली कापडं, सगळं जरा लांब गेल्यासारखं वाटे.

दुसऱ्या दुपारी पिवळं पान आलं.

'एका आईचे दोन मुलगे. गोठ्यातल्या खांबावर त्यांचा बाप दर दसऱ्याला त्यांच्या उंचीच्या खुणा करी. स्वप्नात धाकटा पलटणीतून येतो. अंगावर पुरा पोशाख. खांबाला पाठ लावून उभा राहतो, तर डोकं सगळ्यात खालच्या खुणेला लागतं. आई म्हणते, बाळा, आता तुला परत वाढवायला माझ्यात दम नाही. थोरला दारात उभा असतो. आई म्हणते, आत ये. तो येत नाही. पायात सरकारी बूट असतात, ते त्याला काढता येत नाहीत.'

तो खांब माझ्या घरातला होता.

हे सांगायला मला आजही जड जातं, पण सांगतो. धाकट्याला भरतीला मीच नेलं होतं. मापात तो अर्धा इंच कमी पडला. माप घेणारा ओळखीचा. मी एवढंच म्हणालो, "माझा भाऊ आहे." त्यानं दांडी जरा वर धरली. धाकट्याला जायचंच होतं, मला वाटलं घराला मान मिळेल. आई एवढंच म्हणाली, "आमच्या मापानं त्यो ल्हानच हुता." ते बोलणं मला लागलं. अकरा महिने मी घरी गेलो नाही. घर ठाण्यापासून दोन कोसांवर. आणि घाटाकडे जायची वाट ठाण्यावरूनच. म्हणजे ती पहाटे इथून जात होती, आणि मी आत डायरी लिहीत होतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी यादी मागितली. सुभेदारही बसले होते.

"आक्षेपार्ह मजकूर नाही, साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी पुस्तक उघडलं आणि नेमकं पिवळं पान काढलं. "शिपाई आखूड होतो, ही पलटणीची बदनामी नाही? कुणी रचलं हे?"

"रचलं नाही. पडलं. माझ्या आईला."

मग मी मापाची सगळी हकीगत सांगितली, दांडी वर धरल्यापासून. साहेबांनी टाक खाली ठेवला. "जमादार, हे मी ऐकलं नाही."

"ऐका साहेब. लिहून द्यायलाही तयार आहे. आईवर खटला भरायचा असेल तर त्या कागदावर पहिली सही माझी."

मग मी सुभेदारांकडे वळलो. "सुभेदार, हे वाचून भरतीतून माघारी फिरला असा एक पोरगा सांगा."

ते छडीनं जमिनीवर रेघा ओढू लागले.

"आणि हे पुस्तक कुठे सापडलं तेही सांगा. त्यावर हळदीची बोटं आहेत."

सुभेदारांचा मोठा मुलगाही तेव्हा लढाईवर होता. त्यांनी छडी टेबलाला टेकवली. "आमच्याच घरात," ते म्हणाले. "चुलीमागं." आणि तक्रार मागे घेतो म्हणून सही करून गेले.

राहिला बिननावाचा गुन्हा. छापखान्याच्या कायद्याचं ते कलम मी साहेबांपुढे माझ्या पद्धतीनं, बोट ठेवून, मोठ्यानं वाचलं. हळू वाचणाऱ्याचा एक फायदा असतो, त्याच्या नजरेतून शब्द सुटत नाही. कायदा छापणाऱ्याचं नाव-गाव मागतो, प्रकाशकाचं मागतो. मजकूर ज्याचा आहे त्याचं नाव तो मागतच नाही. साहेबांनी ते स्वतः दोनदा वाचलं. मग म्हणाले, "दोन्ही नावं आज संध्याकाळपर्यंत प्रत्येक प्रतीवर चिकटवा. म्हाताऱ्याला ताकीद देऊन सोडा. नाहीतर उद्या माल साताऱ्याला जाईल."

नदीपलीकडे निरोप धाडला, आणि अण्णांनी दुपारच्या आत चिठ्ठ्या छापून पाठवल्या. स्वतःचं नाव ठळक, गावासकट. प्रकाशकाची जागा मोकळी. म्हातारा अडून बसला.

"माजं नाव नगं."

"लेखक म्हणून नाही. प्रकाशक म्हणून."

"त्यो कोन आस्तो?"

मी विचार केला. मला तरी कुठे नीट माहीत होतं. "एकीकडचं दुसरीकडे पोचवतो तो," मी म्हणालो. "माल त्याचा नसतो. बुडाला तर जबाबदारी त्याची."

तो म्हणाला, "म्हंजी नावाडीच की. ल्हिवा."

ठाण्याच्या अंगणात, उन्हात, चार शिपाई, मी आणि तो खळ घेऊन बसलो. मोकळ्या जागेत नाव लिहायचं आणि चिठ्ठी चिकटवायची. पिवळी, गुलाबी, हिरवी पानं सगळीकडे वाळत पडलेली. वारा आला की सगळी एकदम हलायची. काम करताना मी नावाड्यांना विचारलं, आणि तोवर मी त्यांना अहो-जाहो करायला लागलो होतो,

"ते पिवळं पान माझ्या आईचं. तुम्हाला ठाऊक होतं मी तिचा मुलगा?"

"व्हय. ती म्हनली, छाप, पर नाव नगं. थोरला पोलिसात हाय, त्याला तरास व्हईल."

"मग ठाण्यात आणलं तेव्हाच बोलला का नाहीत? सुटला असता."

त्यांनी चिठ्ठीवरून अंगठा फिरवला. "तिनं त्ये नदीला सांगितलं हुतं. तुमाला न्हाई."

सूर्य बुडायच्या आत शेवटची प्रत झाली. गठ्ठे परत नावेत गेले.

माझी बढती त्या साली थांबली. का, ते मी विचारलं नाही, माझं मला माहीत होतं. धाकटा पुढे परत आला. एका कानानं कमी ऐकतो, मळ्यात असतो, उंची आहे तेवढीच. पुस्तकं वर्षभरात संपली असं अण्णा म्हणाले. माझी प्रत माझ्याकडे आहे. या केसनं मला काय शिकवलं विचाराल तर एवढंच, की जबाब घेताना समोरच्याच्या तोंडाकडे बघू नये. तो कुणाचं राखून बसलाय ते बघावं. पुढे कितीतरी माणसं मला त्यामुळे कळली. अधिकाऱ्यांपेक्षा जास्त कळली, हेही सांगून ठेवतो.

चिठ्ठ्या लावल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आणि धुक्यातून दोन कोस चालत घरी गेलो. आई अंगण झाडत होती. तिनं मला पाहिलं, पण केरसुणी थांबवली नाही. मी उंबऱ्याबाहेर खाली बसलो. बुटांचे बंद सोडले, एक बूट काढला, दुसरा काढला, दोन्ही भिंतीला लावून ठेवले आणि अनवाणी आत गेलो. तेव्हा कुठे तिची केरसुणी थांबली.

माझ्या पायांकडे बघत ती म्हणाली, "लय दिसांनी पाय दिसलं तुजं."